खिडकीची ओळख पटविणारे चिन्ह

वैजापूरच्या बाजारातून कांद्याची गोणी बाहेरगावी निघते तेव्हा तिच्यावर व्यापाऱ्याचा मार्का उमटविलेला असतो. हमाल, मालमोटारीचा चालक आणि दूरच्या पेठेतील अडत्या यांची आपापसांत ओळख नसली तरी मार्का पाहून गोणी कोणाची हे सर्वांना कळते. मार्का पुसट झाला किंवा दोघांनी एकाच धर्तीचा मार्का वापरला, तर माल उत्तम असूनही तो भलत्याच गाळ्यावर उतरण्याचा संभव असतो. मार्का मालाचा दर्जा वाढवीत नाही. पण माल योग्य ठिकाणी पोहोचण्याची व्यवस्था त्याच्यावाचून चालत नाही.

कार्यालयातील संगणकाच्या पडद्यावर आज हेच घडत आहे. एका वेळी पाच-सहा चौकटी उघड्या असतात. या चौकटींना संगणकाच्या परिभाषेत ‘विंडो’ म्हणजे खिडकी असे म्हणतात. प्रत्येक खिडकीच्या वरच्या पट्टीवर तिचे नाव आणि डाव्या कोपऱ्यात एक लहानसे चित्र असते. ते चित्र म्हणजे त्या खिडकीचे चिन्ह अथवा ‘आयकॉन’ होय. मोठ्या आज्ञावली आपले चिन्ह बरोबर घेऊनच येतात. परंतु एखाद्या कार्यालयाने किंवा संस्थेने स्वतःच्या गरजेपुरती जी छोटी आज्ञावली तयार करून घेतलेली असते, तिच्या खिडकीला पुष्कळदा चिन्ह नसते, किंवा असते ते दुसऱ्याचेच असते. ही उणीव दिसावयास क्षुल्लक, पण तिचे परिणाम क्षुल्लक नाहीत. ती कशी दूर करता येते, आणि ती दूर केल्याने काय साधते व काय साधत नाही, याची माहिती या लेखात दिली आहे.

जोड-आज्ञावली म्हणजे काय?

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील वैजापूर हा शेतीप्रधान तालुका आहे. नांदूर-मधमेश्वर जलद कालव्याचे पाणी तालुक्यातील गावांना मिळते. रोटेगाव हे रेल्वे स्थानक जवळ आहे. समृद्धी महामार्गही तालुक्यातून जातो. पाणी, पीक, कर्ज आणि बाजार यांच्या नोंदी हा अशा तालुक्याच्या कारभाराचा कणा असतो. गावोगावच्या विविध कार्यकारी सेवा सहकारी संस्थांचा कारभार संगणकावर यावा, यासाठी केंद्र शासनाने जून २०२२ मध्ये देशातील ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाच्या योजनेस मंजुरी दिली. तथापि, मुख्य प्रणाली कितीही परिपूर्ण असली तरी तिच्या भोवतीची कितीतरी कामे, उदाहरणार्थ याद्या जुळविणे, बेरजा ताडून पाहणे, नोटिसा तयार करणे, कोष्टकपत्रावर म्हणजे एक्सेलसारख्या आज्ञावलीवरच होत राहतात.

एक्सेलमध्ये मुळात नसलेली सोय तिच्यात बसविण्यासाठी जो छोटा कार्यक्रम लिहिला जातो, त्यास ‘ॲड-इन’ किंवा जोड-आज्ञावली म्हणतात. ट्रॅक्टरला नांगर जोडला की तो नांगरतो, पेरणी यंत्र जोडले की पेरतो. शक्ती ट्रॅक्टरचीच असते. त्याचप्रमाणे जोड-आज्ञावली स्वतंत्रपणे चालत नाही. ती मूळ आज्ञावलीच्या पोटात राहून तिचीच शक्ती वापरते. तिच्या खिडक्यांना स्वतःची ओळख नसण्याचे कारणही हेच आहे. संगणकाच्या दृष्टीने त्या खिडक्या एक्सेलच्याच असतात.

समजा, एखाद्या संस्थेच्या सचिवाजवळ अशा दोन जोड-आज्ञावली आहेत. एकीत पीक कर्जाची वसुली नोंदविली जाते, दुसरीत भागभांडवलाची रक्कम. दोन्ही खिडक्यांचा रंग एक, आकार एक, आणि दोन्हींच्या पट्टीवर कोणतेही चिन्ह नाही. संस्थेत गर्दी आहे, वीज जाण्यापूर्वी काम उरकावयाचे आहे. अशा वेळी एका शेतकऱ्याने भरलेली कर्जाची रक्कम चुकून भागभांडवलाच्या खिडकीत नोंदविली गेली, तर बेरीज जुळते, रोकड जुळते, पण त्याच्या कर्जखात्यावर थकबाकी तशीच राहते. मुदतीत परतफेड करणाऱ्या शेतकऱ्यास व्याजात जी सवलत मिळते, तीस तो अपात्र दिसू लागतो आणि पुढील हंगामाच्या कर्जाच्या वेळी त्याला कारण नसताना हेलपाटे पडतात. या चुकीत हेतू वाईट नाही आणि हिशेबाचे अज्ञानही नाही. दोन खिडक्या एकसारख्या दिसत होत्या, एवढेच तिचे कारण असते.

चिन्हाची वाटचाल

ज्या ठिकाणी वाचण्यास अवधी नसतो किंवा वाचता येत नसते, तेथे चिन्ह उपयोगी पडते, हे आपल्या देशाने फार मोठ्या प्रमाणावर अनुभवले आहे. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत प्रत्येक उमेदवारासाठी स्वतंत्र मतपेटी ठेवण्यात आली होती आणि त्या पेटीवर त्याचे निवडणूक चिन्ह लावलेले होते. मतदाराने आपली मतपत्रिका पसंतीच्या पेटीत टाकावयाची होती. त्या वेळी हैदराबाद राज्यात असलेल्या वैजापूर भागातील मतदारांनीही चिन्ह पाहूनच पेटी ओळखली. पेटी आतून सर्वांचीच सारखी होती; फरक होता तो बाहेरच्या चिन्हाचा. संगणकाच्या खिडकीवरील चिन्हाचे कार्य नेमके हेच आहे.

संगणकाच्या संदर्भात ‘आयकॉन’ हा शब्द डेव्हिड कॅनफिल्ड स्मिथ या अमेरिकन संशोधकाने १९७५ च्या आपल्या प्रबंधात योजिला. १९८१ मध्ये झेरॉक्स कंपनीच्या ‘स्टार’ या संगणकावर कागद, फाईल, टपालपेटी अशा कार्यालयीन वस्तूंची चित्रे प्रथमच विक्रीसाठीच्या यंत्रावर आली. १९८४ च्या मॅकिन्टॉश संगणकासाठी सुसान केअर या चित्रकर्तीने चौकटीच्या कागदावर एकेक घर भरून चिन्हे रेखाटली. १९९५ मध्ये आलेल्या विंडोज ९५ या प्रणालीपासून खिडकीच्या पट्टीच्या डाव्या कोपऱ्यात चिन्ह ठेवण्याची प्रथा रूढ झाली आणि ती आजही अनेक खिडक्यांवर दिसते.

मराठी मथळ्याची अडचण

येथे एक शंका स्वाभाविकपणे उपस्थित होईल. खिडकीवर ‘पीक कर्ज वसुली’ असे ठळक नाव लिहिले तर चिन्हाची गरज काय? शंका रास्त आहे. तथापि मराठीतून काम करणाऱ्यांच्या वाट्याला या ठिकाणी एक खास अडचण येते.

एक्सेलमधील जोड-आज्ञावली बहुधा ‘व्हिज्युअल बेसिक फॉर ॲप्लिकेशन्स’ या भाषेत लिहिली जाते. या भाषेची लेखनचौकट जुन्या काळी घडलेली आहे. त्या काळी प्रत्येक लिपीसाठी संगणकात अक्षरांचा एक मर्यादित तक्ता असे, आणि संपूर्ण प्रणालीला त्यांपैकी एक तक्ता लावला जाई. संपूर्ण प्रणालीला लावता येईल असा जुन्या धर्तीचा तक्ता देवनागरीसाठी विंडोजमध्ये नव्हता. जगातील सर्व लिप्यांना सामावून घेणाऱ्या युनिकोड या संकेतपद्धतीमार्फत विंडोज २००० पासून देवनागरीची व्यवस्था झाली. त्या प्रणालीबरोबर आलेला ‘मंगल’ हा टंक प्रा. र. कृ. जोशी यांनी रेखाटला होता.

परिणाम असा झाला की, एक्सेलच्या घरांत मराठी उत्तम लिहिता येते. परंतु जोड-आज्ञावलीच्या लेखनचौकटीत मराठी मथळा लिहिला की अक्षरांऐवजी प्रश्नचिन्हांची रांग उमटते. मथळा एक्सेलच्या घरातून आयता उचलून खिडकीला दिला, तरी वरच्या पट्टीवर पुन्हा प्रश्नचिन्हेच दिसतात, कारण ती पट्टी जुन्या तक्त्यावरच चालते. सचिवाच्या पडद्यावरील दोन्ही खिडक्यांच्या माथ्यावर मग केवळ प्रश्नचिन्हे असतात.

महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४ अन्वये राज्याचा कारभार मराठीतून चालतो. तेव्हा इंग्रजी मथळा देऊन वेळ मारून नेणे हा काही उपाय नव्हे. खरा उपाय उपलब्ध आहे. विंडोजमध्ये ‘डेफ-विंडो-प्रॉक-डब्ल्यू’ नावाचा एक अंगभूत विधी असून त्याच्याकरवी मथळा थेट युनिकोडमध्ये पट्टीवर लिहविता येतो. मथळा मात्र कार्यक्रमाच्या मजकुरात न लिहिता एक्सेलच्या घरात ठेवून तेथून घ्यावा लागतो. आज्ञावली तयार करणाऱ्याकडे हा आग्रह धरलाच पाहिजे. चिन्ह हे मथळ्याच्या जोडीला आहे, त्याऐवजी नव्हे. दृष्टिहीन कर्मचारी ज्या वाचक-आज्ञावलीच्या साहाय्याने काम करतात ती मथळा वाचून दाखविते. चित्र तिला वाचता येत नाही.

चिन्ह बसविण्याची कृती

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. आज्ञावली लिहिण्याची अनेक साधने आहेत आणि चिन्ह बसविण्याची सुलभता त्या साधनावर अवलंबून असते.

डॉट-नेट पद्धतीने लिहिलेल्या जोड-आज्ञावलीत काम सोपे आहे. तेथे प्रत्येक खिडकीला ‘आयकॉन’ नावाचा गुणधर्म असतो. चिन्हाची फाईल त्यास नेमून दिली की काम संपते. मात्र खिडकीची कडा ‘संवाद-चौकट’ या प्रकारची निवडलेली असेल, तर नेमलेले चिन्हही दडून राहू शकते, हे ध्यानात ठेवावे.

अलीकडे जालावर आधारलेल्या जोड-आज्ञावलीही तयार होतात. त्यांची खिडकी मूळ आज्ञावलीच्या कडेला एका पट्टीत उघडते आणि चिन्हांची नोंद तिच्या परिचयपत्रकात करावी लागते. हे चिन्ह १६, ३२ आणि ८० ठिपक्यांच्या आकारांत द्यावे लागते.

सर्वांत अधिक प्रचलित आणि सर्वांत अडचणीची वाट म्हणजे वर उल्लेखिलेल्या व्हिज्युअल बेसिकची. या भाषेतील खिडकीला, म्हणजे ‘युजरफॉर्म’ला, चिन्हाचा गुणधर्मच ठेवलेला नाही. पार्श्वभूमीला चित्र लावता येते. पट्टीवर चिन्ह लावता येत नाही. म्हणून मूळ प्रणालीला, म्हणजे विंडोजलाच विनंती करावी लागते. ही विनंती चार पायऱ्यांनी होते.

पहिली पायरी खिडकी शोधण्याची. विंडोज प्रत्येक उघड्या खिडकीला एक क्रमांक देते. ‘फाइंड-विंडो’ या विधीला खिडकीची जात व तिचा मथळा सांगितला की तो हा क्रमांक परत करतो. एक्सेल २००० पासूनच्या युजरफॉर्मची जात ‘थंडर-डी-फ्रेम’ या नावाने ओळखली जाते. एकाच मथळ्याच्या दोन खिडक्या उघड्या असतील तर क्रमांक भलतीचा मिळू शकतो. म्हणून जाणकार आज्ञावलीकार आरंभी खिडकीला क्षणभर एक अनन्य मथळा देतात, क्रमांक मिळवितात आणि मग खरा मथळा लावतात.

दुसरी पायरी चिन्ह हाती घेण्याची. ‘एक्स्ट्रॅक्ट-आयकॉन’ या विधीने फाईलमधून चिन्ह उचलता येते. किंवा खिडकीतच एका अदृश्य चित्रचौकटीत ते आधी ठेवून तेथून घेता येते. दुसरा मार्ग अधिक श्रेयस्कर आहे. चिन्हाची फाईल आज्ञावलीकाराच्या संगणकावर ज्या जागी होती, त्या जागी ती तालुक्याच्या संगणकावर असेलच असे नाही. करणाऱ्याच्या यंत्रावर चिन्ह दिसते आणि वापरणाऱ्याच्या यंत्रावर दिसत नाही, या नेहमीच्या तक्रारीचे मूळ बहुधा येथेच असते.

तिसरी पायरी निरोप पाठविण्याची. ‘सेंड-मेसेज’ या विधीने खिडकीच्या क्रमांकावर ‘सेट-आयकॉन’ हा निरोप पाठवावयाचा असतो. षोडशमान पद्धतीत या निरोपाचा अंक ८० आहे, म्हणजे आपल्या नेहमीच्या दशमान पद्धतीत १२८. निरोपाबरोबर ० पाठविला तर लहान चिन्ह बदलते, १ पाठविला तर मोठे. लहान चिन्ह पट्टीवर दिसते. मोठे चिन्ह एका खिडकीतून दुसरीत जाताना ‘ऑल्ट’ व ‘टॅब’ या कळा दाबल्यावर दिसते. दोन्ही निरोप पाठविणे इष्ट होय.

चौथी पायरी पट्टीत जागा करून देण्याची. निरोप पोहोचूनही चिन्ह दिसत नसल्यास खिडकीची ‘डायलॉग-मोडल-फ्रेम’ ही शैली उतरवावी लागते आणि ‘ड्रॉ-मेन्यू-बार’ या विधीने पट्टी पुन्हा रेखाटून घ्यावी लागते.

याखेरीज दोन दक्षता आवश्यक आहेत. फाईलमधून उचललेले चिन्ह संगणकाच्या स्मृतीत जागा व्यापते. खिडकी बंद झाल्यावर ‘डिस्ट्रॉय-आयकॉन’ या विधीने ती जागा मोकळी करावी. खिडकी उघडी असताना मात्र तसे करू नये. दुसरी दक्षता ऑफिस २०१० पासून आलेल्या ६४ बिटांच्या आवृत्तीची. त्या आवृत्तीत खिडकीचा व चिन्हाचा क्रमांक जुन्या मापात मावत नाही. म्हणून विधींच्या घोषणेत ‘पीटीआर-सेफ’ हा शब्द आणि क्रमांकासाठी ‘लाँग-पीटीआर’ हे माप वापरावे लागते. जुन्या आज्ञावली नव्या यंत्रावर एकाएकी बंद पडण्याचे हे एक प्रमुख कारण आहे.

दोनशे छप्पन ठिपक्यांची मर्यादा

चिन्ह बसविणे हे आज्ञावलीकाराचे काम. चिन्ह कसे असावे हे मात्र ज्यांना ते दिवसभर पाहावयाचे आहे त्यांनी ठरविणे योग्य. येथे पहिली मर्यादा जागेची. पट्टीवरील लहान चिन्ह नेहमीच्या पडद्यावर १६ ठिपके रुंद व १६ ठिपके उंच, म्हणजे सारे मिळून २५६ ठिपक्यांचे असते. एवढ्या जागेत संस्थेचे नाव, स्थापनेचे वर्ष, कणसाचे चित्र आणि ब्रीदवाक्य बसविण्याचा प्रयत्न केला तर हाती एक करडा डाग येतो. लेटरहेडवरील बोधचिन्ह आकुंचित करून चिन्ह तयार होत नाही. ते लहान आकारासाठी नव्याने रेखाटावे लागते.

देवनागरी अक्षर वापरावयाचे झाल्यास एकच अक्षर घ्यावे. शिरोरेषेला दोन ओळी दिल्या आणि वरखाली थोडी मोकळी जागा सोडली की अक्षराच्या अंगासाठी दहा-अकरा ओळीच उरतात. त्यांत ‘क’ किंवा ‘भ’ सुवाच्य होतो. जोडाक्षर किंवा वेलांटी-मात्रांचे अक्षर गुंतून जाते. पूर्वोक्त सचिवाच्या दोन खिडक्यांसाठी हिरव्या पार्श्वभूमीवर पांढरा ‘क’ आणि निळ्यावर पांढरा ‘भ’ एवढे पुरेसे आहे. केवळ रंगावर मात्र विसंबू नये. काहींना तांबडा व हिरवा यांतील भेद कळत नाही. त्यांना अक्षराचा आकार मार्ग दाखवितो.

थोडक्या रेषांत मोठा आशय सामावल्याचे उत्तम उदाहरण महाराष्ट्रातच घडले आहे. रुपयाचे ‘₹’ हे चिन्ह मुंबईच्या पवई येथील भारतीय प्रौद्योगिकी संस्थेच्या औद्योगिक रचना केंद्रातील डी. उदय कुमार यांनी रेखाटले आणि १५ जुलै २०१० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने त्यास मान्यता दिली. देवनागरी ‘र’ आणि शिरोरेषेची आठवण देणाऱ्या दोन आडव्या रेषा, एवढाच त्याचा पसारा. म्हणूनच ते नाण्यावर, दुकानाच्या पाटीवर आणि संगणकाच्या लहानात लहान अक्षरांतही ओळखू येते.

चिन्हाची फाईल ‘आयसीओ’ या प्रकारची असते. तिची सोय अशी की, एकाच फाईलमध्ये एकच चिन्ह निरनिराळ्या आकारांत साठविता येते. १६, २४, ३२, ४८ आणि २५६ ठिपक्यांचे आकार ठेवल्यास सर्वसाधारण गरजा भागतात. नव्या बारीक पडद्यांवर सर्व मजकूर दीडपट मोठा करून पाहण्याची रीत आहे. अशा वेळी विंडोज १६ ऐवजी २४ ठिपक्यांचे चिन्ह मागते. ते फाईलमध्ये नसेल तर दुसरे एखादे ताणून वा दाबून लावले जाते आणि ते अस्पष्ट दिसते.

कोणते चिन्ह वापरू नये

कार्यालयीन उपयोगाची आज्ञावली तयार झाली की तिच्यावर अशोकस्तंभावरील सिंहमुद्रा झळकावी, असा मोह अनेकांना होतो. तो कटाक्षाने टाळला पाहिजे. भारताच्या राजचिन्हाचा वापर कोणी व कोठे करावा, हे २००५ चा अधिनियम आणि २००७ चे नियम यांनी निश्चित केले आहे. त्या मर्यादेबाहेर वापर केल्यास दोन वर्षांपर्यंत कारावास, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. सहकारी संस्था, खासगी सेवा केंद्र किंवा हौशी आज्ञावलीकार यांना ही मुद्रा आपल्या खिडकीवर लावण्याचा अधिकार नाही. कायद्याचा प्रश्न बाजूला ठेवला तरी १६ ठिपक्यांत तीन सिंह, चक्र आणि ‘सत्यमेव जयते’ सुवाच्य होऊ शकत नाहीत. राजचिन्हाची ती विटंबनाच ठरेल.

तीच गोष्ट बँका, शासकीय योजना व इतर कंपन्यांच्या चिन्हांची. दुसऱ्याचा मार्का आपल्या गोणीवर लावणे जसे अप्रामाणिकपणाचे, तसेच हेही. एक्सेलचे हिरवे चिन्ह उचलून आपल्या खिडकीला लावल्याने तर मूळ उद्देशच विफल होतो. ज्या खिडकीपासून वेगळेपण दाखवावयाचे, तिचेच रूप धारण केल्यासारखे होते.

ओळख आणि खात्री

येथे एका महत्त्वाच्या भेदाकडे लक्ष वेधणे अगत्याचे आहे. चिन्ह ओळख देते. खात्री देत नाही. वर सांगितलेल्या चार पायऱ्या सद्हेतूने काम करणाऱ्यास जितक्या सुलभ आहेत, तितक्याच फसविणाऱ्यासही सुलभ आहेत. एखाद्या बँकेचे किंवा शासकीय सेवेचे चिन्ह कोणत्याही खिडकीला लावता येते. परिचित चिन्ह दिसले म्हणून खिडकी विश्वासार्ह, असे मानून सांकेतिक शब्द अथवा आधार क्रमांक तिच्यात भरणे धोक्याचे आहे. ग्रामीण भागात हा धोका अधिक, कारण तेथे एका संगणक चालकाच्या भरवशावर अनेक कुटुंबांची कागदपत्रे असतात.

खात्रीसाठी वेगळी व्यवस्था आहे. शेतकऱ्याला मिळणाऱ्या संगणकीकृत सातबाऱ्याची वैधता जशी त्यावरील चित्रावर नव्हे, तर डिजिटल स्वाक्षरीवर अवलंबून असते, तशीच स्वाक्षरी जोड-आज्ञावलीसही करता येते. स्वाक्षरीनंतर कोणी मजकुरात फेरफार केल्यास ती स्वाक्षरी अवैध ठरते. इंटरनेटवरून उतरविलेल्या फाईलमधील आज्ञा ऑफिसने आपण होऊन रोखून धराव्यात, अशी व्यवस्था मायक्रोसॉफ्टने २०२२ पासून केली आहे. ही रोख त्रासदायक वाटून ती सरसकट उठविण्याचा सल्ला काही ठिकाणी दिला जातो. तो घातक आहे. आज्ञावली कोणाकडून आली, तिच्यावर कोणाची स्वाक्षरी आहे, हे पाहूनच परवानगी द्यावी.

चिन्हाची आणखी एक मर्यादा सांगितली पाहिजे. पडद्याच्या तळाशी असलेल्या कार्यपट्टीवर विंडोज एकाच मूळ आज्ञावलीच्या खिडक्या एका गटात ठेवते. जोड-आज्ञावली एक्सेलच्या पोटातील असल्याने तिची खिडकी तेथे एक्सेलच्याच चिन्हाखाली दिसू शकते. म्हणजे वरच्या पट्टीवर चिन्ह बदलले तरी खालच्या पट्टीवर ते बदलेलच असे नाही. हा आज्ञावलीकाराचा दोष समजू नये.

वापरापूर्वीची तपासणी

नवी जोड-आज्ञावली स्वीकारताना कार्यालयाने किंवा संस्थेने काही साध्या गोष्टी पाहून घ्याव्यात. ज्या संगणकावर ती तयार झाली त्यावर नव्हे, तर ज्या टेबलावर ती वापरली जाणार आहे तेथील संगणकावर चिन्ह दिसते काय? मराठी मथळा शुद्ध व पूर्ण उमटतो काय? दोन खिडक्या एकाच वेळी उघडल्या असता हातभर अंतरावरून त्या वेगळ्या ओळखू येतात काय? छायाप्रत काळ्या-पांढऱ्या रंगात काढली तरी चिन्हांतील भेद टिकतो काय? या तपासणीस फार वेळ लागत नाही. ती करताना प्रत्यक्ष नोंदी करणाऱ्या लिपिकास शेजारी बसवावे आणि त्याचे मत निर्णायक मानावे.

त्याचबरोबर, चिन्ह हा सावधगिरीचा केवळ पहिला टप्पा आहे. रक्कम जमा करण्यापूर्वी खातेदाराचे नाव, खात्याचा प्रकार व रक्कम पुन्हा एकदा पडद्यावर दाखवून संमती घेणारी आज्ञावली अधिक चांगली. आणि जमा झालेल्या रकमेची खात्याचा प्रकार नमूद केलेली पावती खातेदाराच्या हाती देणारी त्याहूनही चांगली. पावतीवर ‘पीक कर्ज’ ऐवजी ‘भागभांडवल’ असे छापून आल्यास चूक त्याच दिवशी, त्याच खिडकीशी उभ्या असलेल्या शेतकऱ्याच्या ध्यानात येते आणि तेव्हाच दुरुस्त होते.

संगणकामुळे कारभाराचा वेग वाढला, तसा चुकीचाही वेग वाढला. पूर्वी कर्जाची वही आणि भागभांडवलाची वही यांच्या बांधणीचा रंग वेगळा असे, जाडी वेगळी असे. हाताला आणि डोळ्याला फरक आपोआप कळत असे. पडद्यावर हा फरक आपोआप येत नाही. तो कोणीतरी विचारपूर्वक निर्माण करावा लागतो. २५६ ठिपक्यांचे एक चिन्ह आणि मराठीत शुद्ध उमटलेला एक मथळा यांसाठी आज्ञावलीकारास फार तर एक दिवस खर्ची घालावा लागेल. त्या बदल्यात ज्या शेतकऱ्याने मुदतीत पैसे भरले, त्याच्या खात्यावर ते मुदतीतच दिसतील.